विंडोज नव्याने टाकल्यावर आवाज बंद: ड्रायव्हर कसा शोधावा?

मालवणच्या दुकानातील संगणकावर विंडोज १० नव्याने टाकल्यापासून आवाज येत नाही आणि ड्रायव्हरची (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सीडी हरवली आहे, असे आपण लिहिले आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील उपकरणांच्या यादीत) पिवळ्या खुणेच्या नोंदीचे 'प्रॉपर्टीज' उघडून 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' पाहावे. तेथे 'व्हीईएन'पुढे (VEN) १०ईसी (10EC) असल्यास ध्वनीची चिप रिअलटेक या कंपनीची आहे. तरीही ड्रायव्हर मदरबोर्डच्या (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डच्या) उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच, मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा, आणि चिपसेटचा (मदरबोर्डवरील भागांना जोडणाऱ्या चिपांचा) ड्रायव्हर आधी बसवावा, कारण तो नसल्यास ध्वनीचे उपकरण कधीकधी नीट ओळखलेच जात नाही. ड्रायव्हर शोधून देण्याचा दावा करणारी फुकट सॉफ्टवेअरे टाळलेलीच बरी. एवढे करूनही स्पीकर मुका राहिल्यास हेडफोनचा जॅक तपासावा: किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत त्यातील पट्ट्या गंजतात आणि हेडफोन जोडलेला आहे असे समजून संगणक स्पीकर बंद ठेवू शकतो.