खिडकी बंद व्हायच्या आत

अगं, तुझा फार्मसीला नंबर लागला हे काकूंनी काल फोनवर सांगितलं, आणि लगेच आवाज खाली करून म्हणे, तिला जरा समजावून लिही ना, नागपूर मोठं आहे. नागपूरचं काही टेन्शन नाही गं, महिनाभरात बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून, कोणती बस कुठं जाते ते तुला पाठ होऊन जाईल. मला काळजी आहे ती तुझ्या लाजण्याची. दुकानात पावभर साखर मागायची तर तू आधी मागे वळून पाहायची, आणि कॉलेजात सगळं काही असते पण बोलावून कोणीच देत नाही, ऑफिसच्या खिडकीवर जाऊन मागावं लागते.

माझंच सांगते. २०१८ साली मी बीएस्सी फर्स्ट इयरला आली, महाडीबीटीच्या सरकारी साइटवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरला, म्हणजे सायबर कॅफेवाल्या भाऊनं भरला, मी बाजूला उभी. नंबर दिला बाबांचा. बाबा दिवसभर शेतात, फोन घरी डब्याच्या मागे, त्यावर मेसेज आला काय नि गेला काय. मार्चमध्ये बाकीच्या पोरींचे पैसे पडायला लागले तेव्हा मी घाबरत घाबरत खिडकीवर गेली. समोर जाळी, जाळीला खाली हात जाईल एवढं भोक, आत मॅडम हिरव्या रजिस्टरवर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवून राहिल्या होत्या. चष्म्यावरून पाहून म्हणाल्या, तुझा तं डिसेंबरातच सेंड बॅक केला बाई, दुरुस्त काऊन नाही केला? उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा जोडला होता, बस एवढंच. दुरुस्तीची तारीख निघून गेली होती. त्या वर्षी बाबांनी धानाचे पैसे बँकेत टाकलेच नाही, सरळ माझी फी भरली. मला रागावले पण नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून फॉर्मवर नंबर तुझा स्वतःचा, ईमेल तुझा, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर, आणि दर सोमवारी लॉगिन करून स्टेटस पाहायचा, कॉलेजच्या टेबलवर अडकला आहे की पुढे विभागाकडे गेला. उत्पन्नाचा दाखला यंदाचा, तो गावाहून निघायच्या आधी सेतूतून काढून घे, नागपुरात बसून तलाठ्याच्या मागे लागणं म्हणजे दोन बस, एक दिवस आणि वरून तलाठी साहेब मीटिंगला. नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीचं पण तसंच. तुझ्या कोर्सला तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सच्या ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून पाहिजे, तुझं दोन्ही बसते. पण माफ आहे म्हणून आपोआप होत नाही, त्याचा पण फॉर्म, आणि दर वर्षी रिन्यूअल.

आता बँकेचं, हे नीट वाच. खात्याला आधार लिंक आहे असं बँकवाला म्हणेल, त्यावर हो म्हणून उठू नको. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा खाते नंबर पाहून येत नाही, एनपीसीआय म्हणून बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था आहे, तिच्या यादीत तुझा आधार ज्या बँकेशी जोडला असेल तिथं जाऊन पडते. आपल्याकडच्या पोरींचं एक खातं शाळेतलं असते, झिरो बॅलन्सचं, पाच वर्षं कोणी हात लावला नसते, दुसरं कॉलेजसाठी नवीन, आणि पैसा जाते त्या जुन्यात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसते, ओटीपी टाकला की बँकेचं नाव येते, दोन मिनिटाचं काम.

खिडकीची एक रीत मला तिथल्याच एका शिपाईमामांनी शिकवली, माझी स्कॉलरशिप बुडल्यावर. कोणताही अर्ज दोन प्रतीत लिहायचा, वर तारीख, खाली सही, रोल नंबर, मोबाइल. एक प्रत आत द्यायची आणि दुसरीवर आवक नंबर टाकून शिक्का मारून मागायचा. तोंडी दिलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही, शिक्का मारलेला कागद दाखवला की तोच माणूस कपाट उघडते. मी पहिल्यांदा मागितला तेव्हा साहेब म्हणाले कशाला पाहिजे, मी म्हटलं वडिलांनी सांगितलं, तेव्हा मारला. तू पण वडिलांच्या नावावर ढकलून देजो, काही पाप लागत नाही. बोनाफाइड, म्हणजे तू या कॉलेजात शिकते असा दाखला, एकदाच चार-पाच काढून ठेव, बँक, होस्टेल, मेट्रो, सगळे तेच मागतात. आणि जेवणाच्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी कधीच जाऊ नको.

लायब्ररीत पहिल्याच आठवड्यात कार्ड काढ आणि बुक बँक आहे का विचार, असली तर पूर्ण सेमिस्टरसाठी पुस्तकांचा संच मिळते, ज्यांनी विचारलं त्यांना. हजेरी भरलीच पाहिजे, याच्यात सूट मागत फिरू नको. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव दे, दोन वर्षांत २४० तास होतात, कंटाळा येते पण मैत्रिणी तिथंच भेटतात. मला तं तिथंच भेटल्या.

खोलीचं म्हणशील तर आधी होस्टेलच्या लिस्टचं पाह्य, नाही लागलं तर बाहेर. बाहेर घेताना तळमजला आणि नाल्याजवळची खोली घेऊ नको, भाडं कितीही कमी असू दे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नागनदीला पूर आला, आणि त्या भागातल्या घरात झोपेतच पाणी शिरलं होतं. माझ्या एका मैत्रिणीची मार्कशीट तीन दिवस दोरीवर वाळत होती, अजून तिच्यावर चिखलाची रेघ आहे. ओरिजनल कागद प्लास्टिकच्या पाकिटात, आणि सगळ्यांचे स्कॅन डिजिलॉकरमध्ये. मेस एक महिना पाहून मगच अ‍ॅडव्हान्स दे, पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्याच मेसला पनीर असते.

उन्हाळ्याची हवा तुला सांगायची गरज नाही, आपलं ब्रह्मपुरी काही कमी तापत नाही, पण इथं पेपर नेमके त्याच दिवसात येतात आणि सिमेंटचे रस्ते पाय भाजतात. दुपारच्या पेपरला दुपट्टा, पाण्याची बाटली, आणि अर्धा तास आधी पोचून सावलीत बसजो. कूलर मार्चच्या आधी घे, एप्रिलमध्ये दुकानदार तोंडाकडे पाहून भाव सांगते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा मोर्च्यांमुळे बर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद होतात, त्या दिवसात ऑटोच्या भरवशावर प्रॅक्टिकलला निघू नको, मेट्रो बरी. मेट्रो आली तेव्हा मी फर्स्ट इयरलाच होती, मार्च २०१९, आम्ही पोरी खापरीपर्यंत उगाच जाऊन परत आलो होतो. आता दोन्ही लाइन पूर्ण आहेत, बदली सीताबर्डीला. आपल्या नागभीडची छोटी रेल्वेगाडी मात्र त्याच वर्षी बंद झाली, इतवारीवरून हलत डुलत निघायची, मला अजून आठवण येते. तुला आता उमरेडवरून एसटीच, पण महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढं सुख.

एक गोष्ट काकूंना दाखवू नको. पहिले दोन महिने रडायला येईल, मला रोज यायचं, बाथरूमचा नळ सुरू करून रडायची. खूपच झालं तर १४४१६ वर फोन लावजो, टेलिमानस म्हणतात, सरकारचं आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सीनियरनं त्रास दिला तर रॅगिंगचा नंबर १८००-१८०-५५२२, आणि मला तर केव्हाही, रात्री पण.

सोमवारी सकाळच्या बसनं निघ, बर्डीला पोचली की फोन कर, मी अर्धी सुट्टी टाकली आहे. पासपोर्ट फोटो वीस, झेरॉक्सचे तीन सेट, आणि दोन कोरे ताव आणजो. बोनाफाइडचा अर्ज तूच लिहायचा आणि खिडकीत तूच बोलायचं, मी मागे उभी राहते.

तुझी ताई