‘सेव्हन वंडर्स’: तिसऱ्या युगात हात का अडकतात?

प्रश्न: आम्ही चौघे ‘सेव्हन वंडर्स’ हा पत्त्यांतून इमारती बांधायचा, तीन युगांत चालणारा बोर्ड गेम खेळतो. तिसऱ्या युगात चांगले पत्ते हाती येतात, पण बांधता येत नाहीत. शेवटी ३ नाण्यांसाठी टाकून द्यावे लागतात. काय चुकतं?

उत्तर: अडचण तिसऱ्या युगात दिसते, पण तिचं मूळ पहिल्या दोन युगांत असतं. कच्चा माल देणारे तपकिरी पत्ते आणि काच, कापड, कागद देणारे राखाडी पत्ते तिसऱ्या युगात येतच नाहीत. तोवर जे उभारलंत, त्यावरच भागवावं लागतं.

म्हणून दिसेल तो तपकिरी पत्ता घेत सुटायचं, असं मात्र नाही. आधी दोन्ही शेजाऱ्यांपुढे काय मांडलंय ते पाहा. त्यांचा माल नगाला २ नाणी देऊन वापरता येतो. शेजारी नकार देऊ शकत नाही आणि त्याचा माल कमीही होत नाही. दोघांकडे दगड असेल तर तुमचा पत्ता दगडावर वाया घालवू नका. ज्या शेजाऱ्याकडून घेणार, त्या बाजूचं ट्रेडिंग पोस्ट हा पिवळा पत्ता घ्या, तिथला कच्चा माल १ नाण्यात मिळेल. दोघांकडे जे नाही, तेच स्वतः उभारा. फक्त नाणी हाताशी हवीत: त्याच फेरीत मिळालेली नाणी त्या फेरीत खर्च करता येत नाहीत.

साखळ्याही लक्षात ठेवा. पहिल्या युगात बाथ्स बांधलं असेल, तर दुसऱ्या युगातलं ३ दगडांचं अ‍ॅक्वाडक्ट फुकट बांधता येतं आणि ५ गुण मिळतात.

प्रश्न: आमच्यातला एक जण हिरव्या पत्त्यांवर सतत जिंकतो. त्याला अडवायचं कसं?

उत्तर: आधी हिशेब पाहा. हिरव्या पत्त्यांवरची एकसारखी ३ चिन्हं म्हणजे ९ गुण, ४ म्हणजे १६. शिवाय तीन वेगळ्या चिन्हांच्या प्रत्येक संचाला ७. त्याच्याकडे २-२-१ अशी पाच चिन्हं असतील तर १६ गुण होतात. नेमकं सहावं चिन्ह मिळालं की थेट २६. त्या एका पत्त्याची किंमत १० गुण! तुलनेसाठी, तिन्ही युगांत दोन्ही शेजाऱ्यांना युद्धात हरवलं तरी एकूण १८च मिळतात.

पहिल्या आणि तिसऱ्या युगात हातातले उरलेले पत्ते डावीकडच्या शेजाऱ्याकडे सरकतात, त्यामुळे त्याच्या उजवीकडे बसलेल्याने पुढे काय जातंय ते पाहायला हवं. दुसऱ्या युगात ते काम डावीकडच्याचं. अडवलेला पत्ता नुसता टाकू नका, तुमच्या वंडरच्या (टप्प्याटप्प्याने बांधायच्या आश्चर्याच्या) टप्प्याखाली पालथा घाला. टप्प्याचाच माल लागतो, पत्त्याचा नाही. त्यासाठी एक टप्पा तिसऱ्या युगापर्यंत राखून ठेवावा, असं आम्ही आवर्जून सुचवू. सायंटिस्ट्स गिल्ड हा जांभळा पत्ता डावात असेल तर तोही त्याच्या हाती जाऊ देऊ नका. त्यावर हवं ते एक हिरवं चिन्ह मिळतं.