सिएटलजवळ फ्लाय-फिशिंग कुठून सुरू करावं: समुद्रकिनारा, तळं की नदी?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच सिएटलला राहायला आलात, लहानपणी दापोलीकडे गळ टाकलेला आहे आणि आता फ्लाय-फिशिंग शिकायचंय. सुट्टीच्या दिवशी प्युजेट साउंडचा, म्हणजे सिएटलला लागून असलेल्या समुद्राच्या खाडीचा, किनारा गाठावा, एखादं तळं, की याकिमा नदी? आणि मासा घरी आणता येईल का?

माझं मत विचाराल तर किनारा. सगळीकडे नदीचेच फोटो दिसतात म्हणून नवखी मंडळी पहिल्याच महिन्यात महागडा गाइड घेऊन नदीवर जातात आणि दिवसभर दोरीचा गुंता सोडवत बसतात. किनाऱ्यावर होडी लागत नाही, ओहोटीला मागे मोकळी जागा मिळते, आणि समोरचा मासा अस्सल जंगली असतो. तिन्ही ठिकाणी खरा प्रश्न जागेचा नसून पाण्याच्या वेळेचा आहे. दापोलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे शिसं फेकलं की गळ त्याच्यामागे जातो. इथे आमिष म्हणजे 'फ्लाय', गळावर बांधलेली पिसांची नकली माशी, आणि ती इतकी हलकी की ती स्वतः कुठे जाणारच नाही. वजन दोरीला असतं आणि आपण दोरी फेकतो. हा हात बसायला वेळ लागतो. मनगटाने झटके देऊ नका, मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होऊ द्या आणि मगच पुढे आणा. किनाऱ्यासाठी सहा नंबरचा रॉड पुरतो (नंबर म्हणजे रॉडला चालणाऱ्या दोरीचं वजन).

आता भरती-ओहोटी. उधाण आणि भांग तुम्हाला ठाऊक आहे, पण तिथीवरून वेळ काढायची सवय इथे उपयोगी नाही. इथल्या दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात: एक खूप खाली जाते, दुसरी अर्ध्यावरूनच परत फिरते. सिएटलला रोजच्या सर्वात मोठ्या भरतीत आणि सर्वात खोल ओहोटीत सरासरी साडेतीन मीटरच्या आसपास फरक असतो. तेव्हा टाइड टेबल बघूनच निघा आणि पाणी चालतं असेल असे दोन-तीन तास धरा. पाणी थबकलं की मासाही थंडावतो.

मासा म्हणजे सी-रन कटथ्रोट, समुद्रात ये-जा करणारा ट्राउट. जबड्याखाली नारिंगी-लाल रेघ असते, त्यावरून नाव पडलं. सॅल्मनसारखा तो दूर समुद्रात जात नाही, किनारा धरून राहतो. वसंतात चम सॅल्मनची जेमतेम दीड इंचाची पिल्लं ओढ्यांतून समुद्रात उतरतात, तेव्हा हा त्यांच्या मागावर गुडघाभर पाण्यात येतो. म्हणून आल्याआल्या पाण्यात शिरू नका! कोरड्यात उभं राहून आधी किनाऱ्याला समांतर दोरी टाका. माशी खेचताना हातभर, मग वीतभर, मग क्षणभर थांबून, असं खेचा. पुष्कळदा तो अगदी पायाशी येऊन वळतो आणि बाजूची चंदेरी चमक दिसते. तेव्हा रॉड उचलायची घाई न करता दोरी खेचतच राहायची. समुद्रात कटथ्रोट सोडूनच द्यावा लागतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, हात ओले करा आणि मासा पाण्यातच ठेवून सोडवा.

एक गोष्ट आपल्या माणसाला चमत्कारिक वाटते. इथे भरती-ओहोटीच्या मधली जमीनसुद्धा खाजगी असू शकते. वॉशिंग्टन राज्याने ती 1971 पर्यंत विकली होती. त्यामुळे दिसला किनारा की उतरलो असं करू नका, सार्वजनिक पार्क शोधा.

तळ्याचं थोडक्यात सांगतो. डिसेप्शन पासजवळच्या पास लेकमध्ये फक्त फ्लाय चालते आणि मासा सोडावा लागतो. तिथे चिलटांच्या कोषांसारख्या दिसणाऱ्या माश्या खोलवर लटकवायच्या असतात. गळाला चिमटा अडकवून तळापर्यंत सोडा, खोली कळेल. मग तरंगी अशी बांधा की माशी तळापासून फूटभर वर राहील. वसंत आणि शरद चांगले. भर उन्हाळ्यात पाणी 20 अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा दम जातो, तेव्हा त्याला त्रास देऊ नये.

याकिमा मात्र मला मनापासून आवडते. उन्हाळ्यात शेतीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडतात, नदी दुथडी भरून जोरात वाहते. तेव्हा होडी आणि गाइड हवाच, नवख्याने पायी उतरू नये. सप्टेंबरच्या सुरुवातीला वरचा विसर्ग कमी करून शेतीचं पाणी नाचेस नदीच्या बाजूने देतात. याला इथे 'फ्लिप-फ्लॉप' म्हणतात. कारण मोठं छान आहे: चिनूक सॅल्मन त्याच सुमारास अंडी घालतात. नदी तेव्हाच उतरलेली असली म्हणजे अंडी कमी पाण्याच्या पातळीला पडतात आणि हिवाळ्यात उघडी पडत नाहीत. एलेन्सबर्गच्या खालच्या कॅन्यनमध्ये पायी उतरायला हेच दिवस उत्तम. नदीत कुठे गोट्यांचा घासल्यासारखा उजळ पट्टा दिसला तर तिथे अंडी असतात, पाय ठेवू नका. वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीचा, कमरपट्टा घट्ट आवळा. पडलात तर आत पाणी शिरायला नको.

आणि खायचं म्हणाल तर विषम वर्षी, म्हणजे 2025, 2027 असं, ऑगस्टच्या सुमारास पिंक सॅल्मन साउंडमध्ये येतात. वेस्ट सिएटलच्या लिंकन पार्कच्या किनाऱ्यावरून लहान गुलाबी माशीवर ते लागतात आणि मोसम खुला असेल तर घरी नेता येतात. त्यासाठी लायसन्ससोबत कॅच रेकॉर्ड कार्ड, म्हणजे पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड, घ्या. लायसन्सचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि राज्यात 90 दिवस राहिल्यावरच रहिवाशाच्या दरात मिळतं, तेव्हा तारीख मोजून काढा. नियम मधेच बदलतात; निघायच्या दिवशी सकाळी 'फिश वॉशिंग्टन' ॲप बघा.