छाटलेल्या फांद्या कुंडीत लावेपर्यंत कशा ठेवाव्यात?

प्रश्न : बेळगावला बहिणीच्या घरी मनीप्लांट, क्रोटन, देवचाफा आणि पिवळ्या कडेचा स्नेक प्लांट आहे. त्यांच्या फांद्या व पाने आणायची आहेत. परंतु आमच्याकडे कुंड्या आणि माती तयार होण्यास आठवडा तरी लागेल. तोवर ती कशी ठेवावीत? शेजारच्या वहिनी फ्रिजमध्ये ठेवा म्हणतात, ते योग्य आहे का?
— एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : फ्रिजचा विचार आधी सोडून द्यावा. आपण लिहिलेली चारही झाडे उष्ण प्रदेशातील असून साधारण १० अंश सेल्सियसच्या खालची थंडी त्यांना सोसत नाही. घरातील फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास तापमान असते, त्यामुळे तिथे ठेवलेली पाने काळी पडून लिबलिबीत होतात. अथणीकडील द्राक्षाची पक्व, पाने नसलेली काडी थंडाव्यात टिकते, म्हणून क्रोटनची कोवळी फांदीही टिकेल असे मात्र नाही.

मनीप्लांटची काळजी करूच नये. पेर बुडेल अशा बेताने वेल पाण्याच्या ग्लासात ठेवावा, पाण्याखाली येणारी पाने काढावीत आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे, म्हणजे तो महिनाभरही थांबेल आणि बहुधा तिथेच मुळे धरील. पेर नसलेले नुसते पान देठासह ठेवल्यास ते पुष्कळ दिवस हिरवे दिसते, पण त्याला फूट येत नाही.

खरी अडचण क्रोटनची आहे. मुळे नसल्यामुळे फांदीला पाणी मिळत नाही आणि रुंद पानांतून ते उडून जाणे मात्र चालूच राहते. उलट फार ओले ठेवले तर काप कुजतो. म्हणून फांदी सकाळी लवकर कापावी, चीक थांबेपर्यंत कापाचे टोक साध्या पाण्यात धरावे (हा चीक कातडीला झोंबतो, हातमोजे घातलेले बरे), खालची पाने काढावीत आणि उरलेली मोठी पाने अर्धी कापावीत. नंतर टोकाभोवती ओला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा. तो आधी इतका पिळावा की दाबल्यावर थेंब पडता कामा नये. मग ती फांदी चार-दोन भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड सैल ठेवून, सावलीत ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ही पिशवी तासभर राहिली तरी आतली फांदी उकडून निघते. एवढे करूनही तीन-चार दिवसच धरून चालावे. आठवडा लागणार असेल, तर आमच्या मते क्रोटन बहिणीच्या झाडावरच राहू द्यावा आणि माती तयार झाल्यावर कापून आणावा.

देवचाफ्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याला ना पाणी हवे, ना प्लॅस्टिक. पाने काढून फांदी सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावी. एक-दोन आठवड्यांत काप सुकून कडक झाला की ती लावावी. हवा कोरडी असेल तर त्यापुढेही काही आठवडे ती तग धरते. मात्र खानापूरच्या आषाढ-श्रावणात काप सुकण्याऐवजी त्यावर बुरशी चढते. तेव्हा चाफा वळवाआधी, फाल्गुन-चैत्रात आणणे शहाणपणाचे.

स्नेक प्लांटचे पानही असेच दोन-तीन दिवस सुकवून लावावे. त्याचे तुकडे करणार असाल, तर प्रत्येकाच्या खालच्या टोकाला पेनने खूण करावी, कारण उलटे लावलेले पान मुळे धरीत नाही. आपल्या बहिणीकडचा प्रकार पिवळ्या कडेचा आहे, म्हणून आणखी एक सूचना : पानापासून केलेल्या रोपांत ती कड उतरत नाही, रोपे साधी हिरवीच निघतात. कड हवी असेल, तर पान न आणता कुंडीतील गड्डा फोडून मुळांसकट एक कोंब मागून घ्यावा. तो ओलसर कागदात गुंडाळून आठवडाभर सहज राहतो.