गिझर चालू ठेवावा की बंद करावा?

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत नागपूरहून दीर-जाऊ आणि मुलं येतात, घरात आठ माणसं होतात. डिसेंबरात एसी बंद असतो, तरी बिल वाढूनच येतं. सासूबाई प्रत्येक आंघोळीनंतर गिझर बंद करतात. यजमान म्हणतात, सारखं चालू-बंद केल्याने उलट वीज जास्त जाते. ते सकाळपासून चालूच ठेवतात. रोजचा वाद! खरं काय? दुसऱ्या बाथरूममध्ये रॉड लावला तर चालेल का? आणि ३१ डिसेंबरला चार दिवस अलिबागला जायचंय, फ्रिज बंद करून जावं का?
– एक गृहिणी, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, बाजू घ्यायचीच तर मी सासूबाईंची घेईन. टाकीतलं पाणी जितकं गरम, तितकी उष्णता बाहेर जास्त जाते. बंद गिझर हळूहळू निवत जातो, म्हणजे गळतीही कमी होते. नंतर पुन्हा तापवायला गेलेली वीज कधीच त्या बचतीहून जास्त नसते. यजमानांचा हा समज मी वायरमनकी करत होतो तेव्हापासून घरोघरी ऐकतोय. मात्र आंघोळी एकापाठोपाठ असतील, तर मध्ये बटण दाबत बसू नका. शेवटचा माणूस बाहेर आला की बंद.

पण एक सांगू? तुमचा वाद चिल्लरीचा आहे. नोटा जातायत त्या शॉवरमधून.

हिशेब मांडू. २० लिटरची बादली, गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी साधारण २४ अंशांचं, आंघोळीला ४० अंशांचं हवं. याला वीज लागते अर्ध्या युनिटहूनही कमी : ०.३७ युनिट. म्हणजे आठ माणसांचे तीन युनिट. तेच शॉवरमधून मिनिटाला ८ लिटर धरा, दहा मिनिटं धरा. ८० लिटर झाले, माणशी दीड युनिट. आठ जणांचे बारा! नागपूरची मंडळी तिकडच्या थंडीतून येतात, मुलं शॉवरखालून निघत नाहीत. त्यांना काय बोलणार? सकाळी बादल्या भरून ठेवा आणि वर पाणी कमी येतंय म्हणून सांगा. मुंबईत यावर कोणी शंका घेत नाही.

त्यात आपल्याकडे स्लॅब आहेत : १००, ३००, ५०० युनिट. एरवी तुम्ही २८० वर थांबत असाल, तर पाहुण्यांचे ३०० च्या वरचे युनिट महागड्या दराने लागतात. बिल फुगल्यासारखं दिसतं ते त्यामुळे.

रॉडचं विचाराल, तर विजेच्या दृष्टीने त्यात फायदा नाही. १५०० वॉटचा रॉड तीच बादली तापवायला पंधरा मिनिटं घेतो, म्हणजे तेवढेच ०.३७ युनिट. आणि सुट्टीत घरभर पोरं! बटण चालू असताना कोणी पाण्यात बोट घालून पाहिलं तर? मी तरी लावू देणार नाही. पाहुण्यांनाही त्याच गिझरची बादली द्या, थोडा खोळंबा होईल. कोणी गॅस गिझर सुचवला, तर बंद बाथरूममध्ये तोही नको. त्याचा विषारी वायू ना दिसतो, ना वास येतो.

फ्रिज चार दिवसांसाठी बंद करू नका. दूध, चिरलेल्या भाज्या संपवा, थंडाव्याचं बटण एक घर खाली आणा आणि खुशाल जा. पंधरा दिवस जाणार असाल तर मात्र रिकामा करा, पुसून कोरडा करा आणि दाराच्या फटीत फडक्याची घडी अडकवून ठेवा, नाहीतर आल्यावर बुरशीचा वास येईल. सेट-टॉप बॉक्स आणि वायफाय भिंतीवरच्या बटणानेच बंद करा. रिमोटने बंद केलेला बॉक्स वीज खातच राहतो. गिझरचं बटण दाराला कुलूप लावण्याआधी सासूबाई बघतीलच.