इशारा देऊनही कंपनीने दुर्लक्ष केले आणि हॅकिंग झाले, तर जबाबदार कोण?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या संगणक विभागात असताना आपण एका जुन्या सर्व्हरच्या धोक्याबद्दल दोन वेळा ईमेलने कळवले, कोणी दखल घेतली नाही, काही महिन्यांनी त्याच सर्व्हरमधून ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि आता व्यवस्थापनाने आपल्यालाच कारणे दाखवा नोटीस बजावली आहे. मी वकील नाही. म्हापसा आणि पणजी परिसरातील हॉटेले व पतसंस्था यांच्या संगणक यंत्रणा गेली १८ वर्षे सांभाळतो आहे, आणि त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

माझ्या मते अशा वेळी दोनच गोष्टी तपासाव्यात. इशारा नेमका कोणापर्यंत पोहोचला, आणि त्यावर काही करण्याचा अधिकार, म्हणजे पैसे मंजूर करण्याचा किंवा यंत्रणा चार तास बंद ठेवण्याची परवानगी देण्याचा अधिकार, कोणाकडे होता. या दोन्ही गोष्टी ज्या माणसापाशी एकत्र येतात, त्याच्यापाशी जबाबदारी थांबते. हॅकरचा गुन्हा त्यामुळे रतिभरही कमी होत नाही, पण तो हिशेब वेगळा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले, तेव्हा बनावट कार्डांनी एटीएममधून पैसे काढणाऱ्या टोळीतील ११ जणांना एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. तो चोरांचा निवाडा होता. तिजोरीची काळजी कोणी घ्यायची होती, हा प्रश्न अशा फौजदारी खटल्यात सुटत नाही.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेतील इक्विफॅक्सचे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचे, आहे. अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील त्रुटी आणि तिची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली, सरकारी यंत्रणेने इशारा दिला, आणि कंपनीच्या सुरक्षा विभागाने ९ मार्चला ४८ तासांत दुरुस्ती करण्याचा ईमेलही पाठवला. तरीही ग्राहकांच्या तक्रारींचे एक पोर्टल तसेच राहिले. मे महिन्यात हॅकर त्यातून आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत कोणाच्या लक्षात न येता वावरत राहिले, कारण तिथल्या माहितीच्या ये-जा वर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचे डिजिटल प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वीच कालबाह्य झाले होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. यानंतर घडले ते आपण नीट वाचावे. ऑक्टोबरमध्ये माजी मुख्याधिकारी संसदीय समितीपुढे म्हणाले की, एका व्यक्तीने ती सूचना योग्य माणसापर्यंत पोहोचवली नाही. आणि त्याच्या आदल्याच दिवशी कंपनीने एका वरिष्ठ अधिकाऱ्याला तो ईमेल पुढे न पाठवल्याबद्दल कामावरून काढले होते. हा ईमेल ४०० हून अधिक लोकांना गेलेला होता! शिवाय २०१५ च्या अंतर्गत लेखापरीक्षणातच ८,५०० हून अधिक त्रुटी दुरुस्तीविना पडून असल्याचे नोंदले गेले होते. दोन वर्षे हा आकडा कंपनीच्या दप्तरात होता आणि खापर मात्र एका न पाठवलेल्या ईमेलवर फुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. संसदीय समितीच्या डिसेंबर २०१८ च्या अहवालाने ही घटना पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती असे म्हटले आणि दोष यंत्रणेच्या रचनेवर ठेवला.

आपल्याकडे हा प्रकार परका नाही. जून २०२२ मध्ये गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेचा सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, बंद पाडला. नद्यांवरील १५ केंद्रांची माहिती त्यात अडकली, तीही ऐन पावसाळ्यात. अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल जुनी होती, असे तेव्हा पोलीस तक्रारीतच नमूद झाले होते. मला यात खटकते ते हे, की असे वाक्य तक्रारीत लिहिता येते, याचा अर्थ ती उणीव कोणालातरी दिसण्याजोगी होती.

आता माझी गोष्ट, कारण तिच्यात माझाही दोष आहे. किनारपट्टीवरील एका हॉटेलचा आरक्षणाचा संगणक बाहेरून थेट इंटरनेटवरून उघडता येत होता आणि त्याचा पासवर्ड हॉटेलच्या नावावरूनच बेतलेला होता. मी सप्टेंबरात व्यवस्थापकांना पत्र दिले. ‘सीझन संपल्यावर बघू’ असे तोंडी उत्तर आले. गोव्यात हॉटेलवाल्यांचा हा हुकमाचा एक्का आहे, कारण ऑक्टोबर ते मार्च काहीही बंद ठेवायला कोणी धजावत नाही. नाताळच्या आठवड्यात सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या आणि स्वागतकक्षातील मुलांनी चार दिवस वहीवर पाहुण्यांची नोंद केली. मालकांनी मला बोलावून विचारले, ‘तुम्ही सांगितले का नाही?’ मी पत्राची प्रत पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, ‘यात काय लिहिले आहे ते मला कळत नाही.’ खरेच कळण्यासारखे नव्हते. पोर्टचे क्रमांक, आवृत्त्यांची नावे, दीड पान. ‘कोणीही घरबसल्या आपली आरक्षणे पुसून टाकू शकेल आणि दुरुस्तीला एक दुपार लागेल’ एवढे एक वाक्य त्यात नव्हते. दोष वाटायचाच झाला, तर तोंडी टाळाटाळ करणाऱ्या व्यवस्थापकांकडे मोठा वाटा जातो. पण उरलेला थोडा माझ्या भाषेकडे येतो, हे मी आज मान्य करतो.

खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधाला कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पाडलेले भोक शेतकऱ्याला दिसते, तो ते शेतकरी संघाच्या प्रमुखाला दाखवतो, आणि प्रमुखाने मातीची व्यवस्था केली नाही तर खारे पाणी आत येते. अशा वेळी ज्याने भोक दाखवले त्याला कोणी दंड करीत नाही. कार्यालयांत मात्र नेमके तेच होते, कारण तिथे भोक पाहिल्याचा पुरावा एकट्या त्याच्यापाशी असतो.

कायद्याकडे वळू. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमानुसार, संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत कंपनीने निष्काळजीपणा केला आणि कोणाचे नुकसान झाले, तर कंपनीने भरपाई द्यायची असते. ५ कोटींपर्यंतचे दावे न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. यातील संवेदनशील माहितीची व्याख्या मात्र तोकडी आहे: पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्यविषयक नोंदी, बोटांचे ठसे वगैरे त्यात येतात, पण हॉटेलवाले गठ्ठ्याने ठेवतात ती पासपोर्टची प्रत सरळ बसत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ही व्याख्या रुंदावली असून पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. पण दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते, ज्याची माहिती चोरीला गेली त्याला त्यातून छदामही मिळत नाही, आणि ती १८ महिन्यांची मुदत संपल्यावर हाच कायदा भरपाई देणारे ४३अ कलम वगळतो. मला हा बदल पटलेला नाही.

या सगळ्यात पैसे भरते ती कंपनी. व्यक्तिशः संचालक कधी अडकतो, याचे सूत्र कंपनी कायद्यात आहे. १६६ वे कलम प्रत्येक संचालकाला वाजवी दक्षतेचे बंधन घालते, तर १४९ व्या कलमाच्या १२ व्या उपकलमानुसार स्वतंत्र संचालक, म्हणजे रोजच्या कारभारात नसलेला बाहेरचा संचालक, त्याच चुकांना उत्तरदायी असतो, ज्या मंडळाच्या कामकाजातून त्याच्या माहितीत आल्या आणि ज्यांना त्याची संमती वा मूक साथ होती, किंवा जिथे तो दक्षतेने वागला नाही. म्हणूनच सुरक्षेचे इशारे पुष्कळदा बैठकीच्या इतिवृत्तात येतच नाहीत. विषय खालच्या पातळीवर राहिला की वरचे सगळे अनभिज्ञ ठरतात, आणि ही अनभिज्ञता कित्येकदा मेहनतीने जपलेली असते.

तुरुंगाची वेळ येते ती बहुधा दुर्लक्षापेक्षा लपवाछपवीने. उबरच्या माजी सुरक्षाप्रमुखांना ऑक्टोबर २०२२ मध्ये दोषी ठरवले गेले, ते २०१६ ची चोरी तपास यंत्रणेपासून दडवल्याबद्दल. मे २०२३ मध्ये त्यांना तुरुंगाऐवजी तीन वर्षांच्या परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडण्यात आले. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. आपल्या कंपनीने तसे कळवले का, हे विचारून घ्या, आणि कोणी आपल्याला लॉग साफ करायला सांगितले तर लेखी नकार द्या.

नोटिशीच्या उत्तरात रागाचा एकही शब्द नको. दोन्ही ईमेलच्या तारखा, ते कोणाला पाठवले, त्यात कोणती दुरुस्ती सुचवली होती, तिला किती खर्च व वेळ लागला असता, आणि त्या खर्चाची मंजुरी आपल्या अधिकारात नव्हती हे क्रमाने लिहा. ते ईमेल कंपनीच्याच सर्व्हरवर असतील, म्हणून त्यांच्या प्रती चौकशीच्या कामकाजात जोडण्याची मागणी करा. परस्पर घरच्या खात्यावर काही पाठवू नका, नाहीतर उलट आपल्यावरच माहिती बाहेर नेल्याचा आरोप येईल. उत्तर पाठवण्यापूर्वी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि आवक-जावक विभागाचा शिक्का असलेली पोचपावती घेतल्याशिवाय ते देऊ नका.