पगारवाढीच्या बोलणीला बसण्याआधी

सहकाऱ्यांच्या वतीने पहिल्यांदाच बोलणीला बसणार असाल, तर मालकांनी सांगितलेला टक्का ऐकून लगेच मान डोलावू नका. महागाई ६ टक्के असताना मिळालेली ८ टक्के वाढ प्रत्यक्षात जेमतेम १.९ टक्के भरते, आणि ती मूळ वेतनात न घालता भत्त्यांत घातली, तर मूळ वेतनावर मोजले जाणारे लाभ आहे तिथेच राहतात. सरसकट १० टक्क्यांनी २०,००० वाल्याला २,००० आणि ६०,००० वाल्याला ६,००० मिळतात. म्हणून तळाच्या वेतनासाठी किमान ठरावीक रक्कम मागावी, असे माझे मत आहे.

वाढत्या कंपनीची विक्री दिसते, पण रोकड पुष्कळदा उधारीत अडकलेली असते. ‘सध्या जमणार नाही’ हे उत्तर मीही एकदा बहाणा समजून उगाच आवाज चढवला होता. अशा वेळी वाढीची रक्कम आणि ती लागू होण्याची तारीख लेखी घ्यावी.